शेवाळ धरलेला स्विमिंग पूल पुन्हा चालू करायचा खर्च : बडोद्याच्या आसपासच्या घरमालकांसाठी

सेवासी, सिंधरोट, भायली किंवा वाघोडिया रोडवरच्या फार्महाऊसचा पूल एक पावसाळा नुसता पडून राहिला की दिवाळीपर्यंत त्याचा तळ दिसेनासा होतो. मग घरमालक फोन फिरवायला लागतो. एक जण म्हणतो दहा हजारांत करून देतो, दुसरा म्हणतो दोन लाखांच्या खाली हात लावणार नाही. दोघंही खोटं बोलत असतील असं नाही. पहिला फक्त पाण्याचा विचार करतोय, दुसरा टाइल्स, मोटर, फिल्टर सगळं धरतोय. तुमच्या पुलाला यातलं नेमकं काय लागणार, हे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. या कामात रसायनं स्वस्त आहेत. पैसा जातो तो क्रम चुकल्यावर: आठवडाभर औषध ओतून मग पाणी उपसलं, भरल्यावर गळती न बघता औषध टाकलं, फिल्टर नादुरुस्त असताना तुरटी टाकली, की तेच काम दोनदा करावं लागतं.

खालचे सगळे आकडे २५ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी ४ फूट खोल अशा सिमेंटच्या, टाइल्स लावलेल्या पुलाचे आहेत. दर हे बजेट मांडण्यापुरते अंदाज आहेत. प्रमाणं मात्र पक्की आहेत, त्यात आजचा दर घालून तुमचा हिशेब करा.

काय काय जवळ लागेल

- मोजपट्टी, बांबू, १० लिटरची बादली, मिलीलिटरच्या खुणा असलेली इंजेक्शनची सिरिंज
- पाणी तपासायचं किट: फ्री क्लोरीन (अजून कामाचं उरलेलं), टोटल क्लोरीन (एकूण), पीएच (पाणी आम्ल की अल्कली), अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) आणि सायन्युरिक अ‍ॅसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारं रसायन) एवढं तरी मोजणारं
- लांब दांडा, नायलॉनचा ब्रश, पानं काढायची खोल जाळी, व्हॅक्यूम हेड आणि होज
- रबरी हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा, अ‍ॅसिडच्या वाफेसाठी कार्ट्रिज असलेला मास्क (कापडी मास्क चालत नाही)
- कागदपत्रं: पुलाचा मूळ नकाशा असल्यास तो, मोटर आणि फिल्टरची बिलं, मोटरवरच्या पाटीचा फोटो, बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल, सोसायटीचा सामायिक पूल असेल तर कमिटीचं लेखी पत्र

पुराचं पाणी शिरून पूल खराब झाला असेल आणि घराचा विमा असेल, तर साफसफाईला हात लावण्याआधी तारखेसह फोटो काढा आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन जाऊ द्या. गाळ काढून झाल्यावर नुकसान दाखवणं अवघड जातं.

१. काठावरूनच नीट बघा, आत उतरू नका

हिरव्या पाण्यात काय आहे ते वरून दिसत नाही. विश्वामित्री, जांबुवा किंवा ढाढरच्या जवळची जागा असेल तर पावसाळ्यानंतर साप, कासव आणि क्वचित मगरसुद्धा पुलात सापडते. बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मगर दिसली तर वनखात्याला बोलवा. ती वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि तसंही ते काम माळ्याचं नव्हे. काही दिसलं नाही तरी बांबूने तळ चाचपून मगच पुढचं काम.

दुसरा धोका विजेचा. पुलाचा दिवा, मोटर आणि गाळ उपसायचा पंप या सगळ्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला पहिल्याच दिवशी बोलवा. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा आणि ट्रान्सफॉर्मरमार्फतच जोडलेला असावा. पाण्यात सबमर्सिबल पंप चालू असताना पुलात कुणीही उतरायचं नाही, गुडघाभर पाणी असलं तरी.

बॅलन्सिंग टँक, म्हणजे जमिनीखालची झाकलेली टाकी, असेल तर तिच्या तळाशी सडलेल्या पाल्यातून विषारी वायू साचतो. झाकण उघडलं आणि लगेच माणूस खाली उतरवला, असं कधीही करू नका. बाहेरूनच उपसा.

२. पाणी किती आहे ते काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं फुटांत. येईल त्याला २८.३ ने गुणलं की लिटर. आपल्या पुलाचं २५ × १२ × ४ = १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर. सरासरी खोली म्हणजे उथळ आणि खोल टोकाची बेरीज भागिले दोन.

हा आकडा पाठ करा. क्लोरीन १ पीपीएमने (दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला प्रत्येक हजार लिटरला १ ग्रॅम क्लोरीन लागतं. आपल्याला ३४ ग्रॅम, म्हणजे १० टक्के ताकदीचं सोडियम हायपोक्लोराइट (पुढे नुसतं हायपो) सुमारे ३४० मिली. पुढचा सगळा हिशेब यावरून निघतो, आणि कुणी ‘दोन ड्रम टाकावे लागतील’ म्हणाला तर ते खरं की खोटं हेही यावरूनच कळतं.

३. उपसायचं की आहे ते पाणी सुधारायचं

सगळ्यात महागडा निर्णय हाच, आणि त्याची परीक्षा एका बादलीत होते.

पुलातून कोपरभर खोलीचं १० लिटर पाणी बादलीत घ्या. पाला नको. सिरिंजने १० टक्के हायपो ३ मिली घालून ढवळा (हे ३० पीपीएम झालं) आणि रात्रभर सावलीत ठेवा.

- सकाळी हिरवा रंग जाऊन पाणी पांढुरकं किंवा राखाडी झालं, तर शेवाळ मेलं. पाणी सुधारेल, उपसू नका.
- फिकट झालं पण हिरवटच आहे, तर आणखी ३ मिली घालून अजून एक रात्र. दुसऱ्या सकाळी साफ झालं तर पाणी ठेवा, फक्त हायपो दुप्पट धरा.
- दोन रात्रींनंतरही हिरवं, तर उपसा.
- चहासारखं तांबूस झालं, तर बोअरच्या पाण्यात लोह आहे. ते शेवाळाचं लक्षण नाही. तुरटीने आणि फिल्टरने लोह निघतं.

बादलीखेरीज तीन गोष्टी निर्णय फिरवतात. तळाशी बांबूने मोजलेला गाळ दोन इंचांहून जास्त असेल तर उपसा. सायन्युरिक अ‍ॅसिड १०० पीपीएमच्या वर असेल तर निदान अर्धं पाणी बदला. आधी वर्षानुवर्षं टीसीसीएच्या (सायन्युरिक असलेल्या क्लोरीनच्या) गोळ्या किंवा पावडर वापरली असेल तर ते हमखास वाढलेलं असतं. टीसीसीएने १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम सायन्युरिक मागे राहतं. ते उडून जात नाही आणि क्लोरीनचा जोर मारतं. तिसरं, २०१९ किंवा २०२४ सारख्या पुराचं पाणी आत शिरलं असेल तर बादलीची परीक्षा करूच नका. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं. सरळ उपसायचं.

आणि उपसायचं ठरलं तर आधी एक थेंबही औषध टाकू नका. औषध न घातलेलं हिरवं पाणी आंब्याला, चिकूला, लॉनला चालतं (पुराचं सोडून). क्लोरीन टाकल्यावर तेच पाणी झाडांना घालता येत नाही.

४. उपसण्यापूर्वी जमिनीतलं पाणी

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूल रिकामा करण्याची घाई सगळ्यात महागात पडते. पाऊस नुकताच संपलेला असतो, जमीन पाण्याने भरलेली असते. भरलेल्या पुलात आतलं पाणी खाली दाबतं, म्हणून काही होत नाही. रिकामा केला की खालून दाब येतो: जमिनीतलं पाणी पुलाच्या तळापेक्षा दर फूट वर असेल त्यामागे चौरस मीटरला सुमारे ३०५ किलो. आपल्या पुलाचा तळ जवळपास २८ चौरस मीटर. दोन फूट पाणी वर असेल तर सतरा टन वर ढकलणार. सहा इंच जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास. मग तळाला तडा जातो, टाइल्स पोटातून फुगतात. फायबरचा पूल तर अख्खा वर उचलला जातो. त्यात आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते आणि रिकाम्या भिंतींना बाजूनेही रेटते.

म्हणून जवळच्या विहिरीत पाणी किती खोल आहे ते बघा. विहीर नसेल तर पुलापासून चार-पाच फुटांवर तळाच्या पातळीपर्यंत हाताने एक बोअर मारून घ्या, पाचशे-हजार रुपयांचं काम आहे. एक दिवस थांबा. त्यात पाणी आलं तर पूल रिकामा करायचा नाही. अर्धंअर्धं पाणी बदला किंवा फेब्रुवारीपर्यंत थांबा. फेब्रुवारी-मार्च हे या कामाचे सगळ्यात चांगले महिने. तोवर डासांसाठी दर आठवड्याला थोडा हायपो टाकत राहा, नाहीतर गप्पी मासे सोडा. दोन्ही एकदम नको, क्लोरीनने मासे मरतात.

मे महिन्यातल्या उन्हात रिकामा ठेवणंही वाईट. तापून टाइल्स सुटतात. उपसल्यापासून चार दिवसांत भरता आला पाहिजे, असंच वेळापत्रक लावा.

५. मोटर आणि फिल्टर आधी चालू करा

फिल्टर चालत नसेल तर पुढचं सगळं फुकट. वर्षभर बंद असलेल्या मोटरला थेट स्विच देऊ नका. मागचं पंख्याचं झाकण काढून शाफ्ट हाताने फिरवा. फिरला तर बेअरिंग ठीक. जाम असेल तर जबरदस्ती न करता उघडून घ्या. चालू केल्यावर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, तो काही शेकड्यांत येतो. पंपाच्या आणि मोटरच्या जोडावरून पाणी गळतंय तर मेकॅनिकल सील बदला. या दोन गोष्टींसाठी नवीन मोटर घ्यायला लावणारे खूप भेटतात. मकरपुऱ्याच्या बाजूला रिवाइंडिंग आणि सीलचं काम करणारी दुकानं आहेत, तिथे एकदा दाखवा.

सँड फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारा) फिरवताना मोटर बंदच हवी. चालू मोटरवर हँडल फिरवलं की आतलं गॅस्केट फाटतं आणि बॅकवॉशच्या (उलट्या पाण्याने वाळू धुण्याच्या) पाइपमधून कायम पाणी वाहत राहतं. पुलात पाण्याबरोबर वाळू परत येत असेल तर तळाच्या नळ्या तुटल्या आहेत. तेव्हा वाळू काढावीच लागते.

वाळू कधी बदलायची? हात घालून बघा. मोकळी, टोकदार लागली तर ठेवा. गोळे झाले असतील, तेलकट असेल किंवा बोअरच्या क्षारांनी दगडासारखी जमली असेल तर बदला. २४ इंची फिल्टरला सुमारे १५० किलो लागते, ०.५ ते १ मिलिमीटरची क्वार्ट्झ वाळू. नदीची बांधकामाची वाळू चालत नाही. तिच्यात माती असते आणि ती पुलात येते.

६. उपसायचं नसेल तर: पाणी सुधारण्याची पद्धत

पहिल्या दिवशी जाळीने पाला काढा, जितका निघेल तितका. क्लोरीन पाल्यावर खर्च होऊ द्यायचं नसेल तर हे काम नीट झालंच पाहिजे. दांड्याने भिंती, पायऱ्या, शिडीच्या मागची बाजू घासा. सांध्यांमध्ये काळे ठिपके असतील तर ते वेगळ्या जातीचं शेवाळ असतं, वर चिकट थर घेऊन बसतं. तो थर फोडल्याशिवाय क्लोरीन आत जात नाही, म्हणून तिथे स्टीलचा ब्रश. फायबरवर मात्र स्टीलचा ब्रश अजिबात नको.

मग पीएच. हिरव्या पाण्याचा तो बहुधा ८ च्या वर असतो आणि तिथे क्लोरीनचा बराचसा भाग निष्क्रिय राहतो. ७.२ वर आणा. ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड साधारण सव्वा ते दीड लिटर लागेल. आधी पाऊण लिटर, मोटर चालू ठेवून रिटर्नच्या (फिल्टरमधून पाणी पुलात परत येतं त्या) तोंडाजवळ सावकाश ओता. दोन तासांनी मोजून उरलेलं. अ‍ॅसिड आणि हायपो एकाच बादलीत, एकाच मगाने, एकामागोमाग कधीही नाही. क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो. मध्ये निदान चार तास जाऊ द्या. तसंच टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरडे एकत्र आले तर आग लागते, स्फोटही होतो. एकाचा डबा दुसऱ्यासाठी वापरू नका.

हायपो सूर्यास्तानंतर टाका. उन्हात ते भराभर उडतं. पहिल्या संध्याकाळी ८ ते १० लिटर, म्हणजे २५ ते ३० पीपीएम. मोटर रात्रंदिवस चालू. सकाळी क्लोरीन मोजा. पाचच्या खाली आलं असेल तर संध्याकाळी पुन्हा तेवढंच. जास्त उरलं असेल तर कमी पडतं तेवढंच. नेहमीच्या हिरव्या पुलाला चार-पाच संध्याकाळी मिळून ३० ते ५० लिटर लागतात.

मोजताना एक फसवणूक होते. गुलाबी रंग येणाऱ्या डीपीडी किटमध्ये क्लोरीन १० पीपीएमच्या बरंच वर असेल तर रंग उडतो आणि पाणी बिनरंगी दिसतं. लोक समजतात क्लोरीन संपलं, आणि आणखी ओततात. पुलाचं एक भाग पाणी, बाटलीबंद किंवा आरओचं चार भाग पाणी असं मिसळून मोजा आणि उत्तराला पाचाने गुणा.

हायपो ताजं हवं. नंदेसरी-रणोलीच्या बाजूला रासायनिक कारखान्यांचा पट्टा असल्याने बडोद्यात ते सहज आणि स्वस्त मिळतं, पण उन्हात ठेवलेला कॅन काही आठवड्यांत ताकद गमावतो. आठवड्यापुरतंच आणा, सावलीत ठेवा. ब्लीचिंग पावडर त्याहून स्वस्त वाटते, पण तिचा चुना तळाशी बसतो आणि फिल्टरची वाळू जमवतो. नाइलाज असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून वरची निवळीच वापरा.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, बरेच जण पहिल्याच दिवशी टाकतात. पाणी दोन दिवस सुंदर निळं दिसतं आणि कंत्राटदार पैसे घेऊन जातो. पुढे पीएच वाढला की तांबं टाइल्सच्या सांध्यांवर निळे-काळे डाग सोडतं, गोऱ्या किंवा रंगवलेल्या केसांना हिरवट झाक येते. ते डाग काढायला पुन्हा अ‍ॅसिड. हे टाळा.

पाणी हिरव्याचं राखाडी झालं की मेलेल्या शेवाळाचे कण उरतात. ते इतके बारीक असतात की वाळूच्या फिल्टरमधून निसटतात. इथे तुरटी, दुकानात फटकडी म्हणून मागा. ३४,००० लिटरला सव्वा ते दीड किलो, बादलीत विरघळवून सगळीकडे पसरा. तुरटी अल्कलिनिटी खाते, म्हणून ती आधी ८० पीपीएमच्या वर आहे ना ते बघा. कमी असेल तर खाण्याचा सोडा: १० पीपीएम वाढवायला साधारण सहाशे ग्रॅम. व्हॉल्व्ह ‘रीसर्क्युलेट’वर (फिल्टर टाळून) ठेवून मोटर तासभर चालवा, मग पूर्ण बंद. बारा तासांत सगळं तळाशी बसतं. सकाळी व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर (पाणी थेट बाहेर) ठेवून सावकाश व्हॅक्यूम करा. ‘फिल्टर’वर ठेवून केलं तर तोच गाळ वाळूत जाईल, थोडा पुलात परत येईल. यात चार-पाच हजार लिटर पाणी जातं, म्हणून आधल्या दिवशी पूल काठोकाठ भरून ठेवा. एक टँकर इथे धरा.

बॅकवॉश घड्याळ बघून करू नका, प्रेशर गेज बघून करा. स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वाढलं की तीन मिनिटं बॅकवॉश, अर्धा मिनिट रिन्स. दर खेपेला सहाशे-सातशे लिटर जातं. पहिले तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा करावं लागेल.

काम झालं कधी म्हणायचं? तळाचा स्क्रू वरून स्पष्ट दिसतो, रात्रभरात क्लोरीन १ पीपीएमपेक्षा जास्त घटत नाही, आणि टोटल व फ्री क्लोरीनमधला फरक अर्ध्या पीपीएमच्या आत आहे. तिन्ही एकदम जमल्याशिवाय थांबलात तर आठवड्यात पुन्हा हिरवं. पोहायला फ्री क्लोरीन ३ वर उतरेपर्यंत थांबा.

७. उपसायचं असेल तर

गाळ खेचणारा पंप भाड्याने घ्या, साधा टुल्लू पंप पाल्याने अडतो. तीन इंच गाळ म्हणजे ७५ घनफूट, ट्रॅक्टरची एक ट्रॉली जवळपास भरते. ट्रॉलीवाल्याशी आधीच बोला, नाहीतर गाळ काठावर वाळत पडतो आणि पहिल्या पावसात परत आत.

भिंती आधी साध्या प्रेशर पंपाने धुवा. बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. डाग उरले तरच अ‍ॅसिड: दहा भाग पाण्यात एक भाग, आणि पाण्यात अ‍ॅसिड घालायचं, उलट नाही. भिंत आधी ओली करा, छोटा भाग घ्या, अर्धा मिनिट घासा, भरपूर पाण्याने धुवा. कामगार वेळ वाचवायला पाणी न घातलेलं अ‍ॅसिड ओततात. टाइल चकचकीत दिसते, पण सांध्यातलं सिमेंट खाल्लं जातं आणि सहा महिन्यांत टाइल्स हातात येतात. हे काम होत असताना तिथे उभं राहणं हीच सगळ्यात मोठी बचत. तळाशी साचलेल्या पाण्यात दर लिटर अ‍ॅसिडमागे अर्धा किलो धुण्याचा सोडा घालून मगच ते बाहेर काढा. फायबरच्या पुलाला अ‍ॅसिड वॉश नको.

रिकाम्या पुलात लाकडी मुठीने टाइल्स ठोकून बघा. पोकळ आवाज येतो तिथे खडूने खूण करा. सांधे भरून घ्यायचे असतील तर हीच वेळ. तळाच्या ड्रेनची जाळी घट्ट बसलेली आणि न तुटलेली हवी. तुटलेल्या जाळीवर लहान मूल किंवा केस ओढले जाऊन अडकतात. ती बदलायला काही शे रुपये लागतात, टाळू नका.

भरताना पाणी कुठलं घालताय ते तपासा. बोअरचं पाणी फुकट असलं तरी जड असेल तर टाइल्सवर आणि वाळूत क्षार बसवतं. निम्मं बोअरचं, निम्मं टँकरचं गोडं असं केलं तर खर्च आणि त्रास दोन्ही मधे राहतात.

८. गळती

भरल्यावर लगेच औषध टाकू नका, आधी एक दिवस गळती बघा. पायरीवर बादली ठेवा, बादलीतलं आणि पुलातलं पाणी एका पातळीला आणा, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी पुलाची पातळी बादलीपेक्षा पाव इंचाहून जास्त उतरली तर गळती आहे. एकदा मोटर चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असतानाच जास्त उतरतं तर दोष पाइपात, दोन्ही वेळी सारखं तर पुलाच्या भिंती-तळात किंवा दिव्याच्या खोबणीत. दिव्याची खोबण ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा.

मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने रोज सेंटीमीटरभर उतरू शकतं, म्हणजे आपल्या पुलाचे २८० लिटर. त्याला गळती समजून फरशी फोडायला लावणाऱ्यांपासून ही बादली वाचवते.

९. हिशेब

पाणी न उपसता:

- हायपो ५० लिटर: १,००० ते १,५०० रुपये
- अ‍ॅसिड, तुरटी, सोडा: ५०० ते ८००
- एक टँकर: ७०० ते १,०००
- किट: ८०० ते २,०००
- वीज: १ एचपी मोटर तासाला सुमारे १ युनिट, आठवडाभर अखंड, म्हणजे १७० युनिटच्या आसपास: १,२०० ते १,४००
- एक माणूस चार ते सहा दिवस: २,८०० ते ४,२००

म्हणजे सात ते अकरा हजार. ब्रश, दांडा, व्हॅक्यूम नसेल तर आणखी तीन-साडेतीन.

उपसून, धुऊन, भरून:

- पंपाचं भाडं आणि ट्रॉली: १,६०० ते ३,०००
- तीन माणसं दोन दिवस: ४,२०० ते ४,८००
- अ‍ॅसिड वॉशचं सामान: १,००० ते १,५००
- पाच हजार लिटरचे सात टँकर: ४,९०० ते ७,०००
- १५० किलो वाळू आणि भरण्याची मजुरी: ३,७५० ते ४,५००
- सील, गॅस्केट: १,५०० ते ३,०००
- नव्या पाण्याची रसायनं: १,५०० ते २,०००

हे साडेअठरा ते सव्वीस हजारांत बसतं.

तिसरा प्रकार मोडतोडीचा. नवी मोटर १५ ते २५ हजार, २४ इंची फिल्टर २० ते ३५ हजार. टाइल्स सगळ्या बदलायच्या तर तळ ३०० आणि भिंती २९६, असं सहाशे चौरस फूट काम. वॉटरप्रूफिंग आणि मजुरीसह चौरस फुटाला १८० ते ३०० रुपये धरले तर एक लाख आठ ते एक लाख ऐंशी हजार. दोन लाखांचा आकडा इथून येतो, शेवाळातून नाही.

१०. कोटेशन घेताना

एकरकमी ‘पूल ट्रीटमेंट’ असं लिहिलेलं कोटेशन परत करा. पाणी, मजुरी, रसायनं प्रकार आणि किलो-लिटरसह, दुरुस्तीचे भाग, जीएसटी आत की बाहेर, हे वेगळं लिहून मागा. मोरचूद वापरणार का, हे थेट विचारा. अ‍ॅसिडचं प्रमाण लिहून घ्या. शेवटचा तीस टक्के हप्ता पाणी साफ झाल्यावर सात दिवसांनी द्यायचा ठरवा, आणि ‘साफ’ची व्याख्या वर दिलेल्या तीन खुणांची. अहमदाबादहून येणारा कंत्राटदार प्रवास आणि मुक्काम लावतो. फक्त पाणी सुधारायचं असेल तर त्याची गरज नाही.

११. नंतर महिन्याला किती

नव्या पाण्यात एकदा सायन्युरिक अ‍ॅसिड १ किलो घाला, ३० पीपीएम होतं. त्याने उन्हात क्लोरीन टिकतं आणि हायपो रोज लिटरऐवजी अर्ध्यावर येतं. पायमोज्यात घालून रिटर्नच्या तोंडापुढे टांगा, थेट टाकलं तर दिवसेंदिवस तळाशी पडून राहतं. मोटर उन्हाळ्यात रोज सहा ते आठ तास, हिवाळ्यात चार. उन्हाळ्यात वीज आणि रसायनं धरून महिना दोन ते अडीच हजार.

पावसाळ्यात पूल बंद ठेवायचा असेल तरी रिकामा करू नका. क्लोरीन ३ वर, रोज दोन तास मोटर, वर जाळी, आणि आठवड्यातून एकदा कुणीतरी किट घेऊन काठावर. परदेशात राहत असाल तर माळ्याला हायपोचं माप मगावर खूण करून द्या आणि दर रविवारी किटचा फोटो मागवा.